पाद्रीबुवांची नजर

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द आहे अस्कान्स. पुन्हा म्हणतो, अस्कान्स. इंग्रजीतलं क्रियाविशेषण, बहुतेक वेळा 'लुक' या क्रियापदाचं बोट धरून येणारं. 'लुक अस्कान्स' म्हणजे मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून असं बघायचं, की समोरच्याला कळावं, आपलं करणं यांना पसंत नाही.

शब्द जुना. १५३० साली पाल्सग्रेव्हनं इंग्रजांना फ्रेंच शिकवायला पुस्तक लिहिलं, त्यात तो 'अ स्कांच' अशा रूपात भेटतो. मूळ कुठलं? कुणी इटालियन म्हणतं, कुणी डच. शहाणे कोशकार 'मूळ अज्ञात' लिहून मोकळे होतात. आधी अर्थ नुसता 'तिरकं' एवढाच. नापसंती मागून चिकटली. मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यात आदम आणि ईव्ह एकमेकांत रमलेले पाहून सैतान त्यांच्याकडे अस्कान्स बघतो, तिथं तर उघड मत्सरच आहे.

आपल्याकडे कटाक्ष आहे की! पण संस्कृत काव्यात तो नायिका टाकते आणि मराठीत आमच्या हेडमास्तरांचा नखं कापण्यावर असतो. शब्दांचं काही खरं नाही. आणि मोबाइलवर शब्द दाबून पहिला दिसेल तो अर्थ उचलणाऱ्यांचं तर मुळीच नाही.

मी तरी कोण शहाणा? कॉलेजात असताना एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी कथा मराठीत आणली. (तेव्हा लोक दिवाळी अंकात राशिभविष्य सोडूनही काही वाचत.) कथेत एक विधवा खेड्यात पाव-केकचं दुकान काढते. गावच्या पाद्र्याला ते रुचत नाही. मूळ वाक्यात तो तिच्याकडे अस्कान्स बघतो. खिशातल्या कोशात अर्थ होता 'तिरकस'. मी ऐटीत लिहिलं, 'पाद्रीबुवा तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहू लागले.'

वाकड्या नजरेनं! अंक घरी आला. आजी चष्मा लावून ओसरीवर वाचत बसली. एकदम ओरडली, "मेला पाद्री!" मला वाटलं, कथा रंगली. पुढच्या पानावर पाद्र्याचं मत बदलतं आणि तो रोज सकाळी पाव आणायला स्वतः दुकानात जाऊ लागतो. आजीनं अंक आपटला. "त्या बाईला म्हणावं, दुकानाला कुलूप लाव आणि भावाकडे निघून जा."

"अगं आजी, तो तसा नाही. त्याला फक्त तिचं दुकान काढणं पटलेलं नाही."

"मग नाक मुरडलं असं लिही की! चांगल्या माणसाची नजर कशाला वाकडी केलीस?"

डोळ्याचं काम मराठीत नाकाकडे असतं, हे मला कोशात सापडलं नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं, मी काहीही छापून आणलं की आजी आधी विचारायची, "यात पाद्री नाही ना?"