कोरी जागासुद्धा चालेना

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात कोर्ट नाक्यावरून कळव्याकडे निघालं की मध्यवर्ती कारागृहाची जुनी भिंत लागते. आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, पकडलेली माणसं या भिंतीआड होती. पण कोणाला पकडलं, कुठे ठेवलं, हे छापायला मनाई! म्हणजे शेजारचे मास्तर रातोरात कुठे गेले हे सगळ्या आळीला ठाऊक, आणि सकाळच्या पेपरात त्याची एक ओळ नाही.

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. पाठोपाठ पूर्वतपासणी आली. मजकूर आधी अधिकाऱ्याला दाखवायचा, त्याने काट मारली की तेवढा गाळायचा. २८ जूनला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली. मला सर्वात जास्त चीड या हुकमाची येते. बातमी तर मारलीच, वर ती मारल्याचा वाचकाला सुगावाही लागू द्यायचा नाही! आकाशवाणी तर सरकारचीच. खरं काय ते कळावं म्हणून लोक रात्री बीबीसी लावून बसत.

पुष्कळ संपादकांनी तेव्हा आपणहून हात आखडता घेतला, आणि ते आजही सलतं. पण सगळ्यांनी नाही. माजी खासदार मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर मुंबईच्या सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते थेट उच्च न्यायालयात गेले. आणीबाणी ऐन भरात असताना, १९७६ साली, न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टीका कडक शब्दांत आहे एवढ्यावरून ती अडवता येणार नाही, आणि सगळ्या नियतकालिकांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं न्यायमूर्तींनी बजावलं. त्या दिवसांत हे लिहायला छाती लागत होती.

आता एक विनंती. ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत ज्यांच्या घरचं कोणी तेव्हा आत होतं, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यात विचारावं: कधी नेलं, कोणत्या तुरुंगात ठेवलं, भेटीला कोण जायचं, पत्रातल्या कोणत्या ओळी खोडून यायच्या. आणि ते वहीत उतरवून ठेवावं. त्या काळच्या पेपरांत ते सापडणार नाही.