उलट्या आट्यांची टोपी

नमस्कार, श्रोतेहो. आज घरगुती दुरुस्तीबद्दल बोलायचं आहे. जिन्याखाली नाहीतर गॅलरीत टेबल टाकून जी मंडळी सुट्टीच्या दिवशी पाने-पकडी घेऊन बसतात, त्यांच्या उद्योगाबद्दल. मी त्यातलाच. वस्तू उघडण्यात मी तरबेज आहे असं घरचे म्हणतात. परत जोडण्याबद्दल मात्र मतभेद आहेत.

आमच्याकडे एक टेबल फॅन चार वर्षं माळ्यावर पडून होता. लावला की नुसता घुमायचा, पातं फिरायचं नाही. एका रविवारी तो खाली काढला. प्लग काढला. हे मी आज पुन्हा सांगणार आहे, प्लग काढला. क्लिपा सोडवून पुढची जाळी काढली. पात्याच्या मधोमध घुमटीसारखी एक प्लॅस्टिकची टोपी असते, ती निघाली की पातं निघतं. एका हातानं पातं धरलं आणि जन्मभर बाटल्यांची झाकणं उघडतो तशी टोपी डावीकडे फिरवली. हलेना.

म्हटलं, जाम झालीय. गंज सोडवायचा स्प्रे मारला, अर्धा तास थांबलो. हलेना. केस वाळवायचं यंत्र लावून टोपी गरम केली. हात भाजला, टोपी जागची हलली नाही. मग मी पकड घेतली. इथेच थांबायला हवं होतं. पकडीचे दात टोपीत रुतले, कट् असा आवाज आला आणि टोपीच्या काठाचा टवका उडून कपाटाखाली गेला.

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"काय झालंय?"

"गंजलीय गं."

"प्लॅस्टिक कधीपासून गंजायला लागलं?"

मी गप्प.

"उलटी फिरव ती. उजवीकडे."

"आई, मी बघतो ना."

"बघ की. इतकी वर्षं हा पंखा धुतला कुणी?"

उजवीकडे फिरवली. तरीही निघेना, कारण दीड तास मी ती जीव लावून आवळत होतो! शेवटी आईनं बरणीचं झाकण उघडायला ठेवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, टोपीभोवती गुंडाळला आणि उजवीकडे एक हिसका दिला. टक्. टोपी माझ्या हातात ठेवून आई आत गेली. एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

तर श्रोतेहो, त्या टोपीचे आटे उलटे असतात. समोरून पाहिलं तर टेबल फॅनचं पातं सहसा घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. पंखा लावला की मोटरचा दांडा झटक्यात फिरायला लागतो, टोपी जडपणानं किंचित मागे रेंगाळते. आटे सरळ असते तर दर वेळी ती थोडी सैल झाली असती. उलटे असल्यामुळे आवळत जाते. सायकलचं डावं पेडल असंच उलट्या आट्यांचं. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नटही तसाच. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरच्या जोडाला उलटे आटे देतात ते मात्र वेगळ्या कारणानं: ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसूच नये म्हणून. त्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचाही असतात, ती खूण. म्हणून पाना लावण्याआधी बघा, वस्तू फिरते कुठे. पुन्हा सांगतो, फिरते कुठे ते आधी बघा.

आटे हा माझा दुखरा विषय आहे. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं, त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिकचा ६० अंशांचा. म्हणून जुन्या यंत्राचा नट हरवू नका. "जवळपास बसतो" म्हणून दुसरा पिळलात की दोन्ही आटे गेले. आणि हल्लीच्या कित्येक वस्तूंना तर आटेच नसतात, सगळं डिंकानं चिकटवलेलं! उघडायला जावं तर कवच तडकतं. याला मी वस्तू म्हणत नाही. तसंच जुनी कानस, जुना रंधा घासूनपुसून, रंगवून शोकेसमध्ये ठेवणारे. अरे, रंध्यानं लाकूड तासा की! असो.

पंख्याचा दोष सांगायचा राहिला. प्लग काढून दांडा बोटानं फिरवा. जड फिरला तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, सुकलंय. सहज फिरला आणि तरी पंखा घुमतो, तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा भाग, गेला. नवा घेताना जुन्यावर लिहिलेलेच मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता, बघून घ्या, व्होल्ट कमी नकोत. प्लग काढल्यावरही त्यात वीज उरलेली असू शकते, तारांना हात लावू नका.

आमच्या पंख्याचा दांडा जड होता. त्याभोवती केस आणि जुन्या तेलाचा काळा चिकट गोळा. तो खरवडला, बुशभोवतीच्या नमद्याला, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या लोकरी चकतीला, मशीन ऑइलचे चार थेंब दिले. मशीन ऑइलच बरं का, तो गंजाचा स्प्रे नव्हे. तो उडून जातो आणि महिन्यात पंखा पुन्हा घुमायला लागतो.

आता तो आईच्या खोलीत चालतो. टोपी तीच आहे, टवका उडालेली, पकडीच्या दातांच्या खुणांसकट. नवी आणतो म्हटलं तर आई नको म्हणते. पाहुणे आले की जाळीतून दाखवायला तिला ती लागते.