तौक्ते आणि तिन्हीसांजेची प्रार्थना

श्रोतेहो, सलाम. १६ मे २०२१, रविवार, आठवतोय ना? कोविडमुळे चर्च बंद आणि त्यात तौक्ते वादळ. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, दिवसभर कौलं उडत होती, मागच्या परड्यातलं हापूसचं एक कलम फळांसकट आडवं झालं, लाईट तर गेली ती कितीतरी दिवस. तिन्हीसांज झाली तशी आई म्हणाली, "बस रे, आधी प्रार्थना करूया, कौलां सकाळी बगूया." मी बसलो, पण खरं सांगतो, मनात नुसता राग, डोक्यावर पाणी गळतंय आणि ही बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणतेय, तेही रोजच्याच सुरात, एक ओळ न गाळता.

नंतर लोक भेटायला आले, कोणीतरी म्हणालं देव परीक्षा घेतोय. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही, ज्याची होडी फुटलीय त्याला असलं काही ऐकवू नये. आंबेवाल्याला विचारा, पाऊस गेल्यावर जमीन सुकून झाडाला ताण बसला तर मोहोर येतो, ओल राहिली तर नुसती पालवी फुटत राहते. पण ताण वेगळा आणि झाड मुळासकट उपटणारं वादळ वेगळं, दोन्ही एकाच खात्यात कशी मांडायची?

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्या मराठी बायबलात शब्द आहे 'शिक्षा', लहानपणी मला वाटायचं छडी. मूळ ग्रीक शब्द पायदेइया, म्हणजे मुलाला शिकवून वाढवणं, आणि तिथेच पुढे वळण लागलेल्यांची गोष्ट आहे. आता वळण काय वादळात लागत नाही हो, ते लागतं रोजच्या कंटाळवाण्या संध्याकाळी, डास चावत असताना, भात चुलीवर असताना. आईला ते आधीच लागलेलं, म्हणून त्या रात्री ती बसू शकली आणि मी आपला उडालेली कौलं मोजत होतो. येशूचा प्रेषित पौल, त्यानेसुद्धा शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा काही निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. (तीनदा मागायची त्याला लाज वाटली नाही, मला यानेच जास्त धीर येतो.)

आता मीपण रोज सातला बसतो, कधी लक्ष मोबाईलवर, कधी उद्याच्या बाजारावर. आई मध्येच थांबते, माझ्याकडे बघते आणि स्तोत्र परत पहिल्या ओळीपासून सुरू करते.