तिसरीचा संगणकाचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलाला संगणकाबद्दल विचारून बघा. संगणकाचे जनक कोण? चार्ल्स बॅबेज. आदान उपकरणं कोणती? कीबोर्ड, माउस. उत्तरं तोंडपाठ असतात. पण ‘तुझं नाव टाइप करून दाखव’ म्हटलं की मूल बाईंकडे बघतं. बऱ्याच शाळांत संगणकावर आच्छादन असतं, खोलीला कुलूप असतं, आणि आत शिरताना ‘हात लावायचा नाही’ ही सूचना मिळालेली असते. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, ही मुख्याध्यापकांची काळजी काही खोटी नाही. पण कळा दाबल्यानं संगणक बिघडत नाही. फार तर काढलेलं चित्र पुसलं जाईल, आणि कंट्रोल धरून झेड दाबलं की तेही बहुतेक वेळा परत येतं. माझं ऐकाल तर पहिल्या तासाला एवढंच शिकवा. पुसलेलं परत आणता येतं हे कळलं की मूल धीट होतं.

दुसऱ्या तासाला संगणकात मराठी कीबोर्ड सुरू करून ठेवा. विंडोजमध्ये तो असतोच, त्याच्या मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. कळांवर छापलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि पडद्यावर उमटतं भलतंच. मोठ्यांना याचा वैताग येतो, मुलांना मात्र ते कोडं वाटतं. म्हणून अक्षरांचा तक्ता हातात देऊ नका. ‘कमळ’ लिहा, एवढंच सांगा. ‘क’ सापडतो के या कळेवर, ‘म’ सी वर. ‘ळ’ काही केल्या सापडत नाही. एन दाबलं तर ‘ल’ येतो. मग कुणीतरी शिफ्ट धरून एन दाबतं आणि ‘ळ’ उमटतो. त्या वेळी जो गलका होतो तो होऊ द्या. शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जातील, जाऊ द्या.

यानंतर मुलं शिफ्ट धरून सगळ्याच कळा दाबत सुटतात. ‘क’चा ‘ख’ होतो, ‘त’चा ‘थ’, ‘प’चा ‘फ’. इथे शिक्षकानं एक प्रश्न टाकायचा: ‘क’ आणि ‘ख’ एका कळेवर, मग ‘ग’ आणि ‘घ’ कुठे असतील? ते असतात लगेच वरच्या ओळीत, आय वर. ‘त-थ’ एल वर, तर ‘द-ध’ त्याच्या वर, ओ वर. ‘प-फ’ एच वर, तर ‘ब-भ’ त्याच्या वर, वाय वर. ‘च’ आणि ‘ट’च्या वर्गांचंही तसंच. पहिलीत घोकलेली वर्णमाला कीबोर्डावर अशी मांडून ठेवलेली आहे, हे मुलांना आपापलं दिसतं. आपण सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत विसरली असती. ‘दिवा’ लिहिताना आणखी मजा येते. वेलांटी दिसते ‘द’च्या आधी, पण आधी दाबली तर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. असं का, यावर पाऊण तास जाऊ शकतो. जाऊ द्या. त्या दिवशी ठरवलेला धडा उद्यावर गेला तरी काही अडत नाही.

मुलं आपली आपण शिकतात, याचा दाखला म्हणून दिल्लीतल्या कालकाजीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 1999 मध्ये शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी तिथल्या झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला. शिकवायला कुणी नव्हतं, तरी मुलं माउस चालवायला, चित्रं काढायला, इंटरनेट उघडायला शिकली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातल्या खेड्यांतही असे संगणक बसले. पण गोष्टीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मार्क वॉरशॉअर या अमेरिकी अभ्यासकानं दिल्लीतला हा प्रयोग पाहिला, तेव्हा इंटरनेट क्वचितच चालू असे, हिंदीतलं साहित्य जवळजवळ नव्हतं, आणि मुलं बहुतेक वेळ चित्रं काढण्यात आणि खेळ खेळण्यात घालवत होती. मला दोन्ही खरं वाटतं. मूल शोधतं, पण पुढचा प्रश्न विचारणारं कुणी नसेल तर ते सापडलेल्या जागीच रमतं. मोकळीक देणं म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडून स्टाफरूममध्ये जाऊन बसणं नव्हे.

एकशिक्षकी शाळेत हे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. रायगड जिल्ह्यात खैराट इथल्या छोट्या शाळेत 2007 साली प्रत्येक मुलाला एक छोटा लॅपटॉप मिळाला होता. शिक्षक एकच, आणि पहिली ते चौथी एकत्र. खरं तर अशा वर्गातच हे सोपं जातं, कारण चौथीतली ताई पहिलीतल्याला दाखवते, ही रीत तिथे आधीपासून असते. फक्त तिला एक नियम घाला: तोंडानं सांगायचं, त्याच्या हातातला माउस घ्यायचा नाही. हा नियम शिक्षकांनाही लागू, आणि खरं सांगते, तो पाळणं आपल्यालाच जास्त जड जातं.

एका संगणकाभोवती चार मुलं असतील तर एकाच्या हाती माउस, एकाच्या हाती कीबोर्ड, आणि उरलेल्या दोघांनी सुचवायचं. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. लाइट गेली, जी जातेच, तर फळ्यावर कीबोर्ड काढून ‘आपल्या गावाचं नाव लिहायला कोणत्या कळा लागतील?’ हे विचारा. लाइट आली की मुलंच पडताळून बघतात.

पालक म्हणतील, वही कोरी आहे, मग शिकवलं काय? त्यांना शाळेत बोलवा आणि मुलाला त्याचा फोल्डर उघडून दाखवू द्या. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदीतही ‘संगणकाचे भाग सांगतो’ हे ठरावीक वाक्य नको. ‘शिफ्टचा उपयोग स्वतः शोधला, दोघांना समजावून सांगितला, फाइल सेव्ह करायला अजून विसरतो’ असं लिहा. शाळा बघायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही एकच वाक्य तीस वेळा वाचायला लागणार नाही.