बैलाचं हृदय आणि शिशाचा ॲप्रन

नमस्कार श्रोतेहो. हृदयरोगतज्ज्ञ व्हायला निघालेल्या मुलींना आधार कसा द्यायचा, हा आजचा विषय. पण लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर झालेल्या हेलन टॉसिगची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गाडी काही पुढे सरकत नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्डला तेव्हा बाईला वैद्यकीची पदवीच देत नसत. वर्गात बसा, पण कोपऱ्यात, पुरुषांपासून लांब. हेलन तिथून बॉस्टन विद्यापीठात गेली. तिथल्या प्राध्यापकांनी तिच्या हातात बैलाचं हृदय दिलं आणि म्हणाले, एखाद्या मोठ्या अवयवात लक्ष घातलंस तर काही बिघडणार नाही. तिने घातलं! पुढे त्यांच्याच सांगण्यावरून ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेली, 1927 मध्ये डॉक्टर झाली आणि 1930 मध्ये लहान मुलांचा हृदयरोग विभाग तिच्याकडे आला. आणि नेमकं त्याच सुमारास तिला ऐकू येईनासं झालं.

हृदयाची डॉक्टर, आणि कान गेलेले. मग ती बाळाच्या छातीवर बोटं टेकवून ठोके ओळखायला शिकली. बोटांनी, श्रोतेहो, बोटांनी! नाहीतर हल्लीचे आमचे काही डॉक्टर. स्टेथोस्कोप गळ्यात दागिन्यासारखा, आणि पेशंट बसायच्या आत "इको काढून आणा", म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. असो.

तर निळी पडणारी बाळं. फुप्फुसांकडे रक्त कमी जातं म्हणून ती निळी. जन्मावेळी उघडी असलेली, तिकडे रक्त पोचवणारी एक रक्तवाहिनी मिटली, की ती जास्तच निळी पडतात, हे हेलनने हेरलं. मग तशी वाट आपणच करून दिली तर? बॉस्टनच्या एका नामवंत सर्जनने ते मनावर घेतलं नाही. हॉपकिन्सचे सर्जन ब्लेलॉक आणि त्यांचे सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी घेतलं, आणि 29 नोव्हेंबर 1944 ला एका चिमुरडीवर ती शस्त्रक्रिया झाली.

याच टॉसिगबाईंकडे शिकून आपल्या डॉ. एस. पद्मावती 1953 मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ त्या.

आता आजच्या मुली. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, हृदयरोगातलं डीएम आणखी तीन. बारावीपासून मोजा, तिशी येते. बाळंतपणाची वर्षं तीच, आणि कॅथलॅबमधल्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतल्या, क्ष-किरणांचीही तीच. दिवस गेलेत म्हणून मुलीने घाबरत घाबरत सांगायचं आणि वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घालायच्या, हे बंद व्हायला हवं. त्या महिन्यांत इकोची ड्यूटी, कॅथलॅब नंतर. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनच्या आत, पोटाशी किरणं मोजणारा वेगळा बॅज. आणि हे विभागाच्या नियमात लेखी हवं. पुन्हा सांगते, लेखी. साहेबांच्या मर्जीवर नको.

घरच्यांनीही परीक्षेच्या वर्षात "पाळणा कधी?" विचारू नये, इतकंच.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, पण ॲप्रनचं राहिलंच. ते बहुतेक पुरुषी मापाचे. बाईच्या अंगावर काखेशी फट राहते, आणि स्तनाचा बाहेरचा भाग किरणांना उघडा पडतो. मापाचा ॲप्रन, काखेला झाकणारी बाही. पुढच्या खरेदीच्या यादीत एवढं घाला.