रिकामी गव्हाण

(दृश्य: वसई. २४ डिसेंबरची संध्याकाळ. केळीच्या वाडीमागे चर्चचा मनोरा, दारोदारी कागदी चांदण्या.)

वसईच्या कुठल्याही ख्रिस्ती आळीत आज शिरा. अंगणात गोठा उभा असतो. पेंढ्याचं छप्पर, कुणी थाळीत नाचणी पेरून आधीच उगवून ठेवलेली हिरवळ. मातीचे मेंढपाळ, मरिया, योसेफ, बैल, गाढव. सगळे एका गव्हाणीभोवती जमलेले, आणि गव्हाण रिकामी.

बाळ, म्हणजे येशूची मूर्ती, अजून घरात, कपाटात आहे. ते रात्री येईल.

गेले चार रविवार चर्चमध्ये हेच वाट पाहणं चाललंय. याला म्हणतात आगमनकाळ. वेदीवर जांभळा रंग, देवदूतांचं गौरवगीत मुद्दाम थांबवलेलं. काही घरांत मुलांनी एखादं चांगलं काम केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकायची. बाळाला किती मऊ लागणार, ते मुलांच्या वागण्यावर!

(दृश्य: गव्हाणीचा जवळून शॉट. पेंढा.)

कार्डांवरची चित्रं बघून वाढलेल्या शहरी मुलाला गव्हाण म्हणजे पाळणाच वाटतो. तो पाळणा नव्हे. गुरांपुढे वैरण टाकायची ती जागा. तिला कडब्याचा वास असतो, जनावरांची लाळ लागलेली असते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, ही गोष्ट थोडक्यात येते. रोमचा सम्राट औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. नासरेथचा योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला, आपल्या पूर्वजांच्या गावी आला. तिथे ती बाळंत झाली. मराठी बायबलमध्ये यापुढे तीन शब्द येतात: बाळंते, गव्हाण आणि उतारशाळा. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाळंतं म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. आजीच्या जुन्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा. ज्याने आकाश पसरलं त्याला कुणीतरी बाळंत्यात गुंडाळावं लागतं! मला विचाराल तर नाताळचं सगळं धर्मशास्त्र या एका शब्दात आहे.

बायबलमध्ये तारीख नाही. २५ डिसेंबरला हा सण रोममध्ये साजरा होत असल्याची नोंद चौथ्या शतकातली. आर्मेनियाचं चर्च आजही ६ जानेवारी पाळतं. श्रद्धेचं त्यावाचून काही अडत नाही.

(दृश्य: मेणबत्त्या. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला, निघालेली माणसं.)

मराठी माणसाला इथे चटकन अवतार आठवतो. ख्रिस्ती धर्मशास्त्र मात्र ‘देहधारणा’, म्हणजे देवाने माणसाचा देह धरणं, हा वेगळा शब्द वापरतं. अवतार युगायुगांत होतात. हे एकदाच घडलं, असं ख्रिस्ती माणूस मानतो. आणि धरलेला देह वेशासारखा उतरवून ठेवलेला नाही. त्या देहाला भूक लागली, तो दमला, मित्राच्या थडग्यापाशी रडला, क्रुसावर मेला. पुनरुत्थानही त्याच देहाचं.

(दृश्य: इटलीतलं डोंगरावरचं गाव, ग्रेच्चो.)

साल १२२३. असिसीच्या संत फ्रान्सिसने या गावाजवळ नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली. गवत आणलं, बैल आणि गाढव आणून बांधले. लूकने या जनावरांचा उल्लेखही केलेला नाही. ती आली यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून, जिथे बैल धन्याला ओळखतो आणि माणसं मात्र देवाला ओळखत नाहीत. फ्रान्सिस डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक, होता, त्याने शुभवर्तमान गाऊन दाखवलं. मिस्सा झाली ती त्या गव्हाणीवरच.

गव्हाणीवर, म्हणजे खाण्याच्या जागेवर. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच ‘भाकरीचं घर’. पुढे मोठेपणी येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवून घेणार होता.

(दृश्य: चर्चचं अंगण. घंटा.)

म्हणायची मध्यरात्रीची मिस्सा, पण काही ठिकाणी ती आता लवकरच उरकते. तरी घंटा वाजतात, चार आठवडे थांबलेलं गौरवगीत उसळतं. धर्मगुरू बाळाची मूर्ती आणून गव्हाणीत ठेवतात.

पुढे श्रद्धांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना एक गोष्ट घडते, ती कॅमेऱ्यातून सहज निसटते. एरवी ‘मनुष्य झाला’ या शब्दांना लोक फक्त मान लववतात. आज सगळे गुडघे टेकतात. नवी साडी, इस्त्रीची पँट, फरशी, अंगणातली धूळ, काही बघत नाहीत. देव खाली आला, तर माणसाने उभं कसं राहायचं?

उद्याचा दिवस गोडाधोडाचा. परवा, २६ तारखेला, दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनचा, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा, सण. २८ला, बाळ येशूला संपवायला निघालेल्या हेरोद राजाने कापलेल्या बेथलेहेमच्या निरागस बालकांचा. पाळण्याच्या इतक्या जवळ मरण ठेवणारं पंचांग चर्चने का केलं असेल, हे दरवर्षी नव्याने टोचतं. हेरोद काही गोष्टीतून बाहेर गेलेला नाही.

(दृश्य: रांग. गोठ्याच्या बाजूने पुढे सरकणारी माणसं.)

आता रांग लागलीय. म्हाताऱ्या, तरुण, कडेवर पोरं घेतलेल्या आया. गोठ्याजवळ येताच एक पोर वाकून बघतं: बाळ आलंय. रांग पुढे सरकते. धर्मगुरू पांढरी, पातळ भाकर उचलून प्रत्येकापुढे धरतात.

“ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन.”