पाकीट आधी कोणी पाठवायचे?

टेबलावर एक कार्ड ठेवलेले आहे. त्याची रुंदी अडीच इंच आणि उंची साडेतीन इंच असून, १९५७ सालापासून अमेरिकेतील बेसबॉलची, म्हणजे खेळाडूंची चित्रे असलेली, कार्डे बहुधा याच मापात छापली जात आली आहेत. त्याच्या मालकाला ते दुसऱ्या राज्यातील, कधीही न भेटलेल्या एका संग्राहकाला देऊन त्याच्याकडून दोन जुनी कार्डे घ्यायची आहेत. इंटरनेटवर बोलणे झाले, छायाचित्रे पाहून झाली, होकारही मिळाला. आता अडले आहे ते एवढ्यावरच, की पाकीट आधी कोणी टपालात टाकायचे.

बिग फन च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत बदलून घेतली, त्यांना हा पेच ठाऊक नाही; तिथे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने घ्यायचे. टपालाच्या व्यवहारात मात्र संग्राहकांनी आपसांत एक रीत पाडून घेतली आहे. ज्याच्या नावावर पूर्वीचे यशस्वी सौदे कमी, त्याने आपले कार्ड आधी पाठवायचे. दोघांचा अनुभव सारखाच असेल, तर दोघांनी एकाच दिवशी पाठवून एकमेकांना ट्रॅकिंग क्रमांक कळवायचा. नवख्याला यात अन्याय दिसतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच जाणता संग्राहक पहिला सौदा स्वस्तातल्या कार्डांचा करतो.

खरी परीक्षा असते ती कार्डाच्या वर्णनाची. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून काढलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड फार दुर्मीळ आहे. त्याची सर्वांत नावाजलेली प्रत २००७ साली २८ लाख डॉलरना विकली गेली. त्या प्रतीच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ साली न्यायालयात दिली. झिजलेली कड कापली की कोपरे पुन्हा टोकदार दिसतात. मूळ माप मात्र परत येत नाही. त्यामुळे जुन्या कार्डाचा संग्राहक छायाचित्रासोबत मोजपट्टीही मागतो, आणि तशी मागणी झाल्यास समोरच्याने रागावू नये, असा संकेत आहे.

छायाचित्र काढताना प्रकाश एका बाजूने, तिरका पडू द्यावा. समोरून टाकलेल्या झगझगीत उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरची केसाएवढी मोड अशा प्रकाशात सावली धरते. कार्डाशेजारी आपले नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवली, म्हणजे छायाचित्र दुसऱ्याकडून उचललेले नाही हेही कळते. दोष विचारण्यापूर्वीच सांगावा. विचारल्यावर सांगितलेला दोष लपवल्यासारखाच वाटतो.

किंमत ठरवताना विक्रेते किती मागतात हे न पाहता, तसेच कार्ड अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकले गेले हे पाहावे. प्रस्ताव पटला नाही, तर समोरच्याच्या कार्डाची नालस्ती न करता नकार कळवावा. गप्प बसणे हा त्याहून मोठा उद्धटपणा आहे. फरकाची रक्कम पेपॅलने द्यायची असल्यास, थोडे शुल्क वाचवण्यासाठी ती मित्र-नातलगांना पैसे पाठवण्याच्या पर्यायातून देऊ नये, कारण त्या पर्यायाला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही.

आता बांधणी. कार्ड प्रथम पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवतात, मग टॉपलोडर नावाच्या कडक पारदर्शक कवचात. कवचाचे तोंड रंगकामासाठी वापरतात त्या निळ्या चिकटपट्टीने बंद करतात. पारदर्शक सेलोटेप लावली, तर ती सहज निघत नाही, आणि तिचा चिकटा कवचावर राहून कार्ड बाहेर काढताना त्याला लागण्याची भीती असते. पट्टीचे टोक थोडे दुमडून ठेवतात, जेणेकरून उघडणाऱ्याला नखाने खरवडावे लागू नये. एवढ्या टोकावरून पाठवणाऱ्याची ओळख पटते. त्यानंतर हे कवच पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरून, बुडबुड्यांच्या अस्तराच्या पाकिटात घालतात.

चार दिवसांनी दुसऱ्या राज्यात ते पाकीट उघडले जाते. घेणारा ते उघडतानाचे चित्रीकरण करतो, कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरके धरतो, कोपरे पाहतो, आणि मगच पाठवणाऱ्याला लिहितो, ‘मिळाले. तुमचे उद्या सकाळी टाकतो.’